अमेरिकेच्या महिला बास्केटबॉल प्रशिक्षक पॅट समिट यांचा सन्मान त्यांच्या जन्मगावी झालाय, की सगळं नॉक्सव्हिललाच?

हो, जन्मगावीही झालाय: टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलच्या लिबर्टी पार्कमध्ये त्यांचा पुतळा आहे. नॉक्सव्हिलला पुतळा आणि त्यांच्या नावाचं कोर्ट असणं साहजिकच, कारण १९७४ ते २०१२ या काळातले १०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं तिथल्याच टेनेसी विद्यापीठाच्या संघाच्या प्रशिक्षक म्हणून मिळवलेली. पण ही बाई घडली शेतकऱ्याच्या घरात, गवताच्या माळ्यावर भावांशी बास्केटबॉल खेळत. क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून घरच्यांनी अख्खं बिऱ्हाड जवळच्या हेन्रिएटाला हलवलं! मला तर या गोष्टीचं मोल पुतळ्याहून जास्त वाटतं. एक मात्र लक्षात घ्या, त्यामुळे त्यांचं ‘गाव’ म्हणून काही ठिकाणी हेन्रिएटाचं नाव दिसेल.