ईएमडीआर करू का ब्रेनस्पॉटिंग?

मनावरच्या जुन्या आघातासाठीच्या या दोन थेरपी. मी थेरपिस्ट, मला हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता लिहूनच टाकते. रील बघून येतात, दोन्हीत डोळ्यांचं काहीतरी असतं एवढं कळलेलं असतं, आणि चुकीचं निवडलं तर जुनी जखम आणखी चिघळेल ही भीती असते. म्हणून एकाची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्यात.

नांदेडकडं त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान. १० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोलीतला ४.५ रिश्टरचा धक्का इकडंही जाणवला, घरात काही पडलं-फुटलं नाही, पण त्या दिवसापासून हे आत झोपेनात. भर पावसाळ्यात बायको-पोरालाही अंगणात ताडपत्रीखाली झोपवायचे. मूळ होतं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेत, किल्लारीच्या भूकंपात. गणपती बुडवून लोक नुकते झोपलेले, माळवदाची घरं, दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचा सगळा भार, झोपेतच अंगावर आलं. हे अंगणात होते म्हणून वाचले, आजी आत होती. वय नऊ वर्षं.

पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, दोन्हीतली कोणती लवकर लागू पडती ते सांगा, दुकान बंद ठिवून येलालो."

मी म्हणलं, आधी झोपेचं बघू. चार भेटी आम्ही भूकंपाचा विषयच काढला नाही. घाबरल्यावर पाय जमिनीला टेकवायचे, श्वास सावकाश सोडायचा, आणि मनाला टेकायला एक जागा शोधायची, त्यांनी शेतातल्या लिंबाची सावली निवडली. ही तयारी लोकांना वेळ घालवल्यासारखी वाटते पण माझ्या मते अर्धी थेरपी इथंच होते.

मग ईएमडीआर सुरू केलं. यात ती आठवण मनात धरायची आणि समोर डावी-उजवीकडं फिरणाऱ्या बोटांमागं नजर न्यायची, लक्ष दोन्हीकडं वाटलं गेलं की आठवणीची धार हळूहळू कमी होते. दुसऱ्या वेळी त्यांची नजर बोट सोडून वर डाव्या कोपऱ्यात अडकली, स्लॅबकडं. पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा तिथंच. मी हात खाली घेतला आणि म्हणलं, बघा तिथंच, घाई नाही. पाच-सात मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मग म्हणाले, "आजी अंगणात झोपायली होती. म्याच म्हणलो, आत जा, हितं डास हायेत."

एकतीस वर्षं हे वाक्य त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, तुमचा पोरगा केवढाय? "नऊ वर्षाचा..." एवढंच बोलले आणि हमसून रडले. थोड्या वेळानं म्हणाले, "एवढंसं लेकरू. त्याला काय कळतंय ओ."

मला वाटायचं त्यांना भीती घालवायचीय, खरं तर ते एक गुन्हा कबूल करायला जागा शोधत होते, जो गुन्हा नव्हताच. आणि ती जागा डोळ्यांनी दाखवली, माझ्या पद्धतीनं नाही. महिन्याभरानं ताडपत्री दुकानात गेली, सोयाबीन झाकायला.

आता प्रश्नाचं उत्तर. ईएमडीआर फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ च्या सुमारास मांडलं, त्याचे ठरलेले आठ टप्पे आहेत, त्यावर अभ्यास भरपूर झालाय आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये आघातानंतरच्या त्रासासाठी त्याची शिफारस केलीय. ब्रेनस्पॉटिंग २००३ चं, डेव्हिड ग्रँड यांचं, ते स्वतःही ईएमडीआर करणारेच. त्यात नजर फिरवायची नाही, एका जागी ठेवायची. त्यावर अभ्यास अजून कमी आहे, म्हणून सुरुवात मी ईएमडीआरनंच करते. पण ज्यांना बोट फिरताना गरगरतं, किंवा ज्यांचं शब्दांत येतच नाही, त्यांना स्थिर नजर मानवते असा माझा अनुभव आहे.

खरी निवड थेरपिस्टची करा. रीतसर ट्रेनिंग झालंय का, आधी तयारी किती भेटी घेता, मला सहन झालं नाही तर मधेच थांबता येईल का, हे तोंडावर विचारा. यात चिडणाऱ्याकडं जाऊ नका. मोबाईलवरच्या फिरणाऱ्या ठिपक्याकडं बघत एकट्यानं घरी तर अजिबात करू नका, आठवण उघडते आणि सावरायला जवळ कुणी नसतं. फिट येत असेल, डोळ्यांचा आजार असेल, मधेच भान हरपत असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.