एकत्र न दिसणारे दोन उंदीर

प्रिय,

तुझा तक्ता काल दोनदा पाहिला. ज्या बेटावर उंदरांची एक जात आहे तिथे दुसरी नाही, आणि खाली तू लिहिलंस, ‘स्पर्धा सिद्ध.’ मेहनत पानापानावर दिसते. त्या दोन शब्दांची मात्र मला काळजी वाटली.

जीवशास्त्रज्ञ जॅरेड डायमंड यांनी १९७५ मध्ये न्यू गिनीजवळच्या बिस्मार्क द्वीपसमूहातल्या पक्ष्यांबद्दल असंच मांडलं होतं: सारख्या सवयींच्या जाती बुद्धिबळाच्या पटासारखी बेटं वाटून घेतात. चार वर्षांनी कॉनर आणि सिम्बरलॉफ यांनी विचारलं, जाती नुसत्या योगायोगाने विखुरल्या असत्या तर असा पट कितीदा दिसला असता? तुझ्या तक्त्यालाही आधी हे विचार.

आणि योगायोग नसला, तरी ती स्पर्धाच असेल असं नाही. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर १८९९ मध्ये जहाजातून काळे उंदीर उतरले आणि दहा वर्षांच्या आत तिथल्या मूळच्या उंदरांच्या दोन्ही जाती संपल्या. ‘स्पर्धेत हरले’ असंच कोणीही म्हणालं असतं. पण संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांमधला डीएनए तपासल्यावर २००८ मध्ये वेगळा दोषी पुढे आला, काळ्या उंदरांसोबत आलेला रक्तातला परजीवी. उत्तर अमेरिकेतल्या सेंट लॉरेन्स नदीच्या बेटांवर आखूड शेपटीची चिचुंद्री आणि गवतातला व्होल (उंदरासारखा छोटा प्राणी) सहसा एकत्र सापडत नाहीत. तिथे भांडण खाण्यावरून नाही. चिचुंद्री व्होललाच खाते.

म्हणून स्पर्धा खोटी ठरत नाही. आयर्लंडमध्ये हजारो वर्षं एकच चिचुंद्री होती, जेमतेम चार-पाच ग्रॅमची. २००७ मध्ये घुबडांनी ओकलेल्या गोळ्यांत तिच्याहून बरीच मोठी, बाहेरून आलेली चिचुंद्री सापडली. मोठी जिथे पसरते तिथून लहान नाहीशी होते आहे. मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट ही वाटते की युरोपच्या मुख्य भूमीवर याच दोघी एका प्रदेशात नांदतात. मग बेटावरच का नाही? या प्रश्नावर काम करायला मी आनंदाने तुझ्यासोबत बसेन.

खात्री हवी असेल तर एकाला बाजूला काढून पाहावं लागतं. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी सांतियागोवरचा तांदूळ-उंदीर १९०६ नंतर दिसलाच नव्हता. १९९७ मध्ये तो पुन्हा सापडला, तोही काळ्या उंदरांच्या शेजारी, निवडुंगांच्या रानात. हॅरिस आणि मॅकडोनाल्ड या संशोधकांनी काही जागांवरून काळे उंदीर हटवले, तेव्हा तिथे तांदूळ-उंदरांच्या माद्यांची संख्या इतर जागांच्या तुलनेत बरी राहिली. त्रास अन्न कमी पडण्याचा नव्हता, थेट अंगावर येण्याचा होता.

फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटाचं उदाहरणही जवळ ठेव. २०१६ पर्यंत तिथे न उडणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या ५६ जाती माहीत झाल्या होत्या, त्यांतल्या ५२ फक्त तिथल्याच, आणि बहुतेक उंदरांच्या कुळातल्या. कोणी गांडुळं खातो, कोणी झाडावर राहतो, कोणी डोंगराची ठरावीक उंचीच धरून असतो. बाहेरून आलेले उंदीर शेतांत आणि तोडलेल्या रानात फोफावतात, पण जुन्या अखंड जंगलात त्यांना फारसा शिरकाव मिळत नाही. इथे बाहेर ठेवणारे स्थानिकच आहेत. ‘स्पर्धेने विविधता घटते’ असं तू प्रस्तावनेत लिहिलं आहेस, ते वाक्य यासमोर ठेवून पुन्हा वाच.

आता तुझ्या तक्त्यातली शून्यं. शून्य म्हणजे उंदीर नाही, की पिंजऱ्यात आला नाही? दांडगा उंदीर आधी आत शिरतो, दार पडतं, आणि बुजरा रात्रभर बाहेरच फिरतो. मग कागदावर दोघे वैरी दिसतात. प्रत्येक बेटावर किती पिंजरे, किती रात्री लावले आणि पहाटेपर्यंत किती रिकामे उरले, एवढे रकाने वाढव आणि तक्ता मला परत पाठव.

तुझा,
जुना शिक्षक