बारा हजारांचा ट्रेलर की पाचशेची जाळी?

ताई, तुमच्या पत्रातला मुद्दा आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही दोघं इलिनॉयमध्ये राहता, निवृत्त आहात. येत्या उन्हाळ्यात मोटरहोम (चाकांवरचं घर) घेऊन अलास्काला निघणार, मागे चारही चाकांवर ओढत नेणार ती २०१४ ची होंडा सीआर-व्ही. मागच्या सहलीत मोटरहोमच्या चाकांनी उडवलेल्या दगडांचे तिच्या हूडवर (बॉनेटवर) तुम्ही चोवीस टवके मोजलेत आणि एक हेडलाइट गेला. यजमान म्हणतात, आयआरएमधून (निवृत्तीच्या बचत खात्यातून, जिथून काढलेल्या पैशावर कर लागतो) काढून १२,००० डॉलरचा, गाडी आत ठेवून न्यायचा बंदिस्त ट्रेलर घेऊ. लेक म्हणते, पुढच्या भागाला २,२०० डॉलरची पारदर्शक फिल्म लावा. तुमचं म्हणणं, काहीच नको, अकरा-बारा वर्षांची गाडी आहे ती.

तिघांत तुमचं म्हणणं मला जास्त पटतं, पण तेही पुरतं नाही.

ट्रेलरचं आधी उरकतो. आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर १२,००० हातात पडायला आयआरएमधून सुमारे १५,४०० काढावे लागतील. इलिनॉय निवृत्तीच्या उत्पन्नावर कर घेत नाही, एवढाच दिलासा. वर मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, प्रीमियम दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर, पायऱ्यापायऱ्यांनी ठरतो. तुम्ही एखाद्या पायरीच्या काठावर असाल, तर या ट्रेलरचं बिल दोन वर्षांनी पुन्हा दारात येईल, तेही दोघांच्या नावानं. आणि हे सगळं सोसूनही तो ओढता येईलच असं नाही. तुमच्या मोटरहोमचा हिच, म्हणजे मागे ओढायचा जोड, ५,००० पौंडांचा, असं तुम्हीच लिहिलंय. गाडी साधारण साडेतीन हजार पौंड, त्यात बंद ट्रेलरचं स्वतःचं वजन. बेरीज तुम्ही करा आणि यजमानांना दाखवा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.

फिल्म चांगली वस्तू आहे, पण नव्या गाडीला. तुमची गाडी आज विकली तर दहा हजारांच्या आसपास येतील असं धरू. टवक्यांमुळे गिऱ्हाईक पाच-सातशे कमी देईल, हा माझा अंदाज. सातशे वाचवायला बावीसशे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यातून टवके आधीच पडलेत. ते रंगवून न घेता वर फिल्म चढवायची म्हणजे जखमेवर काच बसवण्यासारखं.

मग काहीच न करणं का पुरत नाही? कारण खरा खर्च रंगाचा नाही. विंडशील्ड, हेडलाइट आणि पुढच्या जाळीमागचा (ग्रिलमागचा) एसीचा कंडेन्सर, यांतलं काही फुटलं की ते बदलावंच लागतं, आणि परक्या गावात, सहल थांबवून. दुसरं म्हणजे, २०१४ नंतरची सीआर-व्ही चारही चाकांवर ओढता येत नाही, गिअरबॉक्स बदलला. ही गाडी गेली तर दुसरं मॉडेल शोधा, त्याची बेसप्लेट (ओढण्यासाठी पुढे बसवायचा सांगाडा), त्याचं वायरिंग, सगळं नव्यानं. बाजारभावापेक्षा तिची किंमत तुमच्यासाठी जास्त आहे, हे हिशेबात यायला हवं.

म्हणून माझं मत: मोटरहोमचा मागचा भाग आणि गाडीचं नाक यांच्यामध्ये ताणून बसवायची जाळी घ्या. पाचशे-सहाशेत काम होतं. मोटरहोमच्या मागच्या जोडचाकांनी उडवलेली खडी जाळीवर आपटून खाली पडते. कापडी मुखवटा स्वस्त मिळतो, पण आत धूळ शिरली की वाऱ्यानं फडफडून तोच सँडपेपरसारखा रंग घासतो. मोटरहोमच्या रुंदीभर लोंबणारा रबरी मडफ्लॅपही विचारून घ्या. इंजिन मागे असेल तर हवा आणि एक्झॉस्टची उष्णता अडायला नको.

अलास्का हायवेची गोष्ट वेगळी. १९४२ मध्ये लष्करानं काही महिन्यांत काढलेला हा रस्ता आज पक्का आहे, पण खालची गोठलेली जमीन हलते आणि डांबर उखडतं. दर उन्हाळ्यात दुरुस्तीचे खडीचे पट्टे लागतातच. अशा लांब पट्ट्यावर गाडी सोडवा आणि एकानं ती अर्धा मैल मागून चालवत न्या. खर्च फक्त पेट्रोलचा. समोरून येणाऱ्या ट्रकचे दगड लागतील, पण स्वतःच्या मोटरहोमचे तरी नाहीत.

आता विमा, ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. तुमच्याच मोटरहोमनं उडवलेल्या दगडानं तुमचीच गाडी फुटली, तर मोटरहोमची लायबिलिटी पैसे देत नाही, ती दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी असते. उडून आलेला दगड साधारणपणे गाडीच्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये (टक्कर सोडून इतर नुकसानाचा विमा) बसतो, तर रस्त्यात पडलेल्या वस्तूवर गाडी आदळली तर कोलिजनमध्ये (टकरीचा विमा). गाडी जुनी झाली म्हणून कॉम्प्रिहेन्सिव्ह बंद करायचा विचार तुम्ही ओझरता लिहिलाय. या सहलीआधी तरी ते करू नका. उलट डिडक्टिबल (नुकसानातला आपण स्वतः भरायचा हिस्सा) १,००० असेल तर २५० करायला किती जास्त लागतात ते विचारा, काचेचं वेगळं कव्हर आहे का तेही. कॅनडासाठीचं विमा कार्डही त्याच फोनवर मागून घ्या.

जाळीचे पैसे चालू खात्यातून द्या, आयआरएला हात नको. आणखी हजार डॉलर सहलीच्या बजेटमध्ये काचेसाठी बाजूला ठेवा. नाही लागले तर परतीच्या वाटेवर एखादी रात्र चांगल्या हॉटेलात काढा. निघण्याआधी गाडीच्या पुढच्या भागाचे फोटो काढा, आत्ताचे चोवीस टवके दिसतील असे. विम्याचं पहिलं पान मला पाठवलंत की डिडक्टिबलचं गणित मांडून देतो.