घरी १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचाय, टर्न (वायरचे वेढे) किती घ्यायचे?

४५ भागिले कोअरच्या (लोखंडी गाभ्याच्या) मधल्या दांडीचं क्षेत्रफळ चौरस सेंमीमध्ये, की एका व्होल्टला किती टर्न ते निघतं (५० हर्ट्झ, साधं स्टॅम्पिंग, म्हणजे कोअरच्या पातळ पट्ट्या). माझा कोअर १० चौरस सेंमीचा म्हणून साडेचार, मग प्रायमरी (मेन्सकडचं वाइंडिंग) २३० ला १०३५, सेकंडरी (आउटपुटचं) १२ ला ५४, पण लोडवर व्होल्टेज पडतं म्हणून ५७ घातले. वायर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका रिवाइंडिंगवाल्याकडनं वजनावर आणली. प्रायमरी गुंडाळताना सातशेच्या आसपास बायकोने "चहा टाकू का" विचारलं आणि आकडा गेला ना राव, सगळं उलगडलं, तेव्हापासून दर शंभराला कागदावर रेघ मारतो. दोन वाइंडिंगमधल्या इन्सुलेशन पेपरात कंजुषी नको. पहिल्यांदा चालू करताना ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब प्रायमरीच्या सिरीजमध्ये लावा, सेकंडरी मोकळी असूनही तो फुल पेटला तर आत शॉर्ट आहे.