वाटपाच्या दाव्यात चुलत्यांना लेखी प्रश्नावली द्यायची आहे, प्रश्न कसे काढावेत?

आजोबांच्या जमिनीच्या वाटपाचा दावा तुम्ही लावला आहे. चुलते आणि त्यांची दोन मुले प्रतिवादी आहेत. त्यांची कैफियत (दाव्याला दिलेले लेखी उत्तर) आली, त्यात 'वाटप पूर्वीच तोंडी झाले आहे' असा बचाव आहे, आणि वकिलांनी तुम्हाला प्रश्नावलीचे, म्हणजे समोरच्या पक्षाने साक्षीआधी शपथेवर लेखी उत्तर द्यायचे, प्रश्न लिहून आणायला सांगितले आहे. मी दिवाणी कामे चालवतो आणि माझ्या मते हे काम पक्षकाराने मनापासून करावे असेच आहे, कारण घरातल्या बारीकसारीक गोष्टी वकिलापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक असतात.

आधी उलटतपास डोक्यातून काढून टाका. 'माझ्या वडिलांच्या भोळेपणाचा फायदा घेऊन तुम्ही जमीन लाटली, हे खरे आहे ना?' असा प्रश्न लिहावासा वाटतो, तुमचा राग रास्तही असेल. पण त्याला 'खोटे आहे' एवढेच उत्तर येणार, आणि तुमचा रोख समोरच्या वकिलाला साक्षीच्या कितीतरी आधी कळणार. शिवाय कायद्यातही ते बसत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ११ नियम १ प्रमाणे, तोंडी उलटतपासात चालणारा प्रश्न दाव्यातल्या वादाच्या बाबींशी संबंधित नसेल तर प्रश्नावलीत चालत नाही. रायबरेलीच्या निवडणूक याचिकेतून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या राजनारायण विरुद्ध इंदिरा नेहरू गांधी या प्रकरणात १९७२ साली न्यायालयाने हाच फरक स्पष्ट केला.

आता कैफियत समोर घ्या आणि जिथे जिथे चुलते मोघम बोलले आहेत तिथे पेन्सिलीने खूण करा. तुमच्या दाव्यात सगळा जीव त्या 'तोंडी वाटपा'त आहे. मी असतो तर असे विचारले असते: हे वाटप कोणत्या वर्षी झाले? कुठे झाले? वादीच्या वडिलांच्या वाट्याला कोणता गट आला? किती क्षेत्र आले? त्या क्षेत्राचा ताबा त्यांना कधी दिला? वाटपाची वर्दी तलाठ्याकडे दिली होती का? दिली असल्यास केव्हा?

यातला वडिलांच्या वाट्याचा प्रश्न नीट पाहा. 'काहीच आले नाही' असे उत्तर आले, तर मग ते वाटप कसले? एखादा गट सांगितला, तर सातबाऱ्यावरच्या पीक पाहणीत त्या गटावर वर्षानुवर्षे कोणाची वहिवाट लागली आहे ते काढता येते. उत्तर कोणतेही येवो, चुलते शपथेवर एका जागी बांधले जातात. प्रश्न चांगला की वाईट हे मी यावरूनच ठरवतो.

एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. दोन गोष्टी कोंबल्या की सोयीच्या अर्ध्याचेच उत्तर येते. उत्पन्नाचा हिशेब मागितला असेल तर ऊस कोणत्या कारखान्याला गेला, नोंद कोणाच्या नावावर होती, बिल कोणत्या खात्यात जमा झाले, हे तीन वेगळे प्रश्न करा. सातबारा, फेरफार, नोंदणीकृत दस्त यांच्या नकला तुम्हाला स्वतःला मिळतात, त्यासाठी प्रश्न वाया घालवू नका. चुलत्यांच्या ताब्यातले कागद हवे असतील तर याच आदेश ११ मधल्या नियम १२ आणि १४ खाली वेगळा अर्ज करायचा असतो. 'तुमचे साक्षीदार कोण?' आणि 'वकिलांना तुम्ही काय सांगितले?' हे प्रश्न तर लिहूच नका.

प्रश्नावली परस्पर पाठवता येत नाही. आधी न्यायालयाची परवानगी लागते आणि अर्जासोबत प्रश्नांचा मसुदा द्यावा लागतो. एका पक्षकाराला वेगळ्या हुकुमाशिवाय एकच संच देता येतो, म्हणून घाईत अर्धवट यादी देऊ नका. तुमचे तीन प्रतिवादी आहेत, तेव्हा कोणते प्रश्न कोणी उत्तरायचे ही टीप खाली घालावीच लागते. नमुना संहितेच्या परिशिष्ट सी (Appendix C) मध्ये आहे. विनाकारण किंवा त्रास देण्यासाठी विचारलेल्या प्रश्नांचा खर्च विचारणाऱ्यावर बसू शकतो. तुमचा दावा व्यावसायिक न्यायालयात नाही, तिथले नियम वेगळे आहेत.

प्रश्नावली मिळाल्यावर उत्तर १० दिवसांत, किंवा न्यायालय देईल त्या मुदतीत, शपथपत्रावर द्यायचे असते. 'आठवत नाही', 'माहिती नाही' अशी टोलवाटोलवी झाली तर नियम ११ खाली पूर्ण उत्तराचा हुकूम मागा. हुकूम होऊनही पाळला नाही तर नियम २१ प्रमाणे बचाव काढून टाकण्याचा अर्ज करता येतो. न्यायालये तो सहजासहजी मंजूर करत नाहीत, तरी अर्ज पडला की पुष्कळदा उत्तरे येतात. आलेल्या उत्तरांपैकी तुम्हाला हवी तेवढीच पुराव्यात वापरता येतात, मात्र त्यांच्याशी जोडलेली दुसरी उत्तरे न्यायालय आत घ्यायला लावू शकते.

चुलतेही तुम्हाला अशीच प्रश्नावली देऊ शकतात. तेव्हा तुम्ही उत्तर दिले नाही तर नियम २१ खाली दावाच निकाली निघू शकतो आणि त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. म्हणून वडिलांनी घरखर्चाला किंवा विहिरीला पैसे दिले असतील, कुठे सही केली असेल, तर ते सगळे आजच त्यांच्याकडे बसून विचारून घ्या आणि वकिलांना आधीच सांगून ठेवा.