वाचकांचे प्रश्न : विश्वास आणि रोजचा व्यवहार

प्रश्न : मी एका खासगी आस्थापनेच्या हिशेब विभागात काम करतो. लहान पुरवठादारांचे पैसे महिनोन्महिने थकलेले असतात. त्यांचे फोन आले की ‘रक्कम पाठवली आहे, बँकेत अडली असेल’ असे सांगण्याची वरिष्ठांची सूचना आहे. रविवारी उपासनेला बसल्यावर हे आठवते आणि मन खाते. आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) एकांना विचारले, तर ‘प्रार्थना करा’ एवढेच उत्तर मिळाले. घर माझ्या एकट्याच्या पगारावर चालते. मी नोकरी सोडावी काय?

उत्तर : ‘प्रार्थना करा’ हा सल्ला चुकीचा नाही, मात्र प्रश्न अवघड वाटला की विचारणाऱ्याची बोळवण करण्यासाठीही तो वापरला जातो, आणि आपल्या बाबतीत बहुधा तसेच झाले असावे. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात ‘आम्ही काय करावे?’ हा आपलाच प्रश्न लागोपाठ तीनदा विचारला गेला आहे : आधी जमलेल्या लोकांनी, मग जकातदारांनी आणि शेवटी शिपायांनी. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने तिघांना तीन वेगळी उत्तरे दिली. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, असे त्याने लोकांना सांगितले. जकातदारांनी ठरलेल्या रकमेहून अधिक वसूल करू नये आणि शिपायांनी धाकदपटशाने किंवा खोटा आळ घेऊन पैसे न उकळता आपल्या पगारात समाधान मानावे, असेही सांगितले. जकातदाराचा धंदा त्या काळी किती बदनाम होता हे आपण जाणताच. तरीही योहानाने त्यांना जकातनाका सोडायला लावले नाही. त्या त्या कामात अन्याय नेमका ज्या जागी शिरतो, तिथे त्याने बोट ठेवले. आपल्या कामात ती जागा म्हणजे तो फोन.

याला कोणी किरकोळ खोटेपणा म्हणेल, म्हणून लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय एकदा सलग वाचावा, असे मी सुचवेन. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही येशूने पुढे सर्वांत मोठ्या आज्ञांमध्ये गणलेली आज्ञा याच अध्यायातली आहे. तिच्या अवघी पाच वचने आधी, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये असे सांगितले आहे आणि अध्यायाच्या शेवटाकडे खऱ्या तराजूचा आणि खऱ्या मापांचा आग्रह आहे. प्रीतीची आज्ञा वेळेवर दिलेल्या पैशांच्या आणि अचूक मापाच्या मध्ये उभी आहे; तिला तिथून उचलून केवळ भावनेच्या प्रांतात नेण्याची सवय आपणा विश्वासणाऱ्यांना लागली आहे, हे मान्य करायला हवे. थकवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असे याकोबही आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहितो.

आता प्रत्यक्ष काय करावे? पैसे केव्हा द्यायचे हा निर्णय आपल्या हाती नाही, पण फोनवर कोणते वाक्य बोलायचे हे मात्र बरेचसे आपल्या हाती आहे. ‘रक्कम अजून मंजूर झालेली नाही, मी आज पुन्हा आठवण करून देतो’ हे वाक्य खरे आहे आणि त्याने आस्थापनेचे कोणते गुपितही उघड होत नाही. ते बोलण्यापूर्वी वरिष्ठांना एकांतात भेटून सांगावे की, ‘पैसे पाठवले’ असे मला म्हणता येणार नाही; हे एवढे म्हणता येईल. बाबेलच्या राजदरबारी नेलेल्या दानीएलाने राजाच्या ताटातले अन्न नाकारताना हेच केले. त्याने कारभाऱ्यापुढे दहा दिवसांच्या चाचणीचा पर्याय ठेवला, त्यामुळे त्याला नकार देता आला आणि कारभाऱ्याचीही अडचण झाली नाही. पुष्कळ वरिष्ठांना असा पर्याय चालतो, कारण त्यांना फोन निभावून नेण्याशीच मतलब असतो.

पण न दिलेली रक्कम दिल्याची नोंद वहीत करण्यास किंवा तिच्यावर सही करण्यास सांगितले गेले, तर मामला बदलतो. तिथे स्पष्ट नकार द्यावा आणि तो लेखी असावा. तसे घडण्याची चिन्हे दिसत असतील, तर आजपासूनच दुसऱ्या कामाचा शोध सुरू करावा. कुटुंबाचा विचार करून शोध आधी आणि राजीनामा नंतर, हा क्रम ठेवण्यात विश्वासाचा कमकुवतपणा मुळीच नाही. ‘जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा’ हे कलस्सैकरांस पत्रातले वचन आपल्याला कोणी ऐकवलेच, तर पुढच्या अध्यायाचे पहिले वचनही वाचायला सांगावे. धन्यांनी आपल्या दासांशी न्यायाने आणि समतेने वागावे, असे तिथे लिहिले आहे.

प्रश्न : घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि दोन लहान मुले आहेत. पूर्वी मी पहाटे तासभर वचन वाचून प्रार्थना करीत असे. आता पाच मिनिटेही मिळत नाहीत. देवापासून दूर गेल्यासारखे वाटते.

उत्तर : मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू आणि त्याचे शिष्य जेवायलाही सवड नाही अशा स्थितीत दिसतात. विसाव्यासाठी ते एकांती निघतात, तर तिथे लोक त्यांच्या आधीच पोहोचलेले असतात. येशूला त्यांचा कळवळा येतो. तो त्यांना शिकवतो, जेवू घालतो, आणि संध्याकाळी सर्वांना निरोप दिल्यावर प्रार्थनेसाठी डोंगरावर जातो. याच शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात तो पहाटे प्रार्थना करतो. तेव्हा वेळ बदलली म्हणजे नाते तुटले, असे समजण्याचे कारण नाही. राजाचा प्यालेबरदार असलेल्या नहेम्याने तर राजाचा प्रश्न आणि आपले उत्तर यांमधल्या क्षणात देवाला हाक मारली. सतराव्या शतकात पॅरिसमधील कार्मेल मठाच्या स्वयंपाकघरात राबणारे ब्रदर लॉरेन्स हेही असेच. भांड्यांच्या गडबडीतही, गुडघे टेकून प्रार्थना करताना लाभावे तसे देवाचे सान्निध्य आपल्याला लाभते, असे ते सांगत. सासूबाईंची कूस बदलताना एखादे स्तोत्र मोठ्याने म्हणा. त्यांनाही ते ऐकायला मिळेल.

मात्र एक गोष्ट परखडपणे सांगतो. ब्रदर लॉरेन्स यांना रात्री दोनदा उठून कोणाची औषधे द्यावी लागत नव्हती. आपला थकवा हा आध्यात्मिक दोष नाही आणि त्यावर केवळ आध्यात्मिक उपायही नाही. सासूबाईंची सेवा ही त्यांच्या मुलाचीही जबाबदारी आहे. आठवड्यातल्या ठरावीक वेळा पतीने आणि इतर नातलगांनी वाटून घ्याव्यात, हे घरात स्पष्ट बोला. मंडळीतल्या कोणाला दोन तास येऊन बसता येईल काय, हेही पाळकांना निःसंकोच विचारा.

प्रश्न : सहकाऱ्यांना आपल्या विश्वासाविषयी केव्हा सांगावे?

उत्तर : त्यांनी विचारले म्हणजे. आशेविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सिद्ध असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असे पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात म्हटले आहे. आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांच्या बाबतीत विशेष जपावे. त्यांना नको म्हणणे कठीण जाते.

प्रश्न : सख्ख्या भावाने उसने घेतलेले पैसे बुडवले. तो आमच्याच मंडळीत आहे. मी क्षमा केली आहे, असे म्हटले तर पैसे मागण्याचा हक्क उरतो काय?

उत्तर : उरतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने क्षमेचा दाखला सांगितला, त्यातल्या दासाला दहा हजार तालांतांचे (म्हणजे न फेडता येण्याजोगे प्रचंड) ऋण माफ झाले होते आणि त्याचे सोबत्याकडून येणे शंभर दिनारांचे होते. दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे शंभर दिनार ही काही क्षुल्लक रक्कम नव्हे. त्या दासाचा दोष असा की, त्याने सोबत्याचा गळा धरला आणि तो गयावया करीत असतानाही त्याला तुरुंगात टाकले. याच अध्यायात, त्या दाखल्याच्या आधी, अपराध करणाऱ्या भावाकडे एकट्याने जाऊन त्याचा अपराध त्याला दाखवावा, आणि त्याने ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यावे, असेही सांगितले आहे. पौलाने फिलेमोनाला लिहिताना त्याच्या अनेसिम नावाच्या दासाचे देणे नाकारले नाही; ते स्वतःच्या खात्यावर मांडायला सांगितले.

क्षमा म्हणजे सूड सोडणे. पुन्हा उसने देण्याचे बंधन तिच्यातून येत नाही. भावाला एकांतात भेटा. रक्कम आणि हप्ते कागदावर लिहून घ्या. त्याची परिस्थिती खरोखरच बिकट असेल आणि आपल्याला झेपत असेल, तर काही किंवा सर्व रक्कम सोडून द्या. पण तसे त्याला स्पष्ट सांगा, म्हणजे तो आपल्याला टाळत फिरणार नाही. हा विषय मंडळीतल्या इतरांपाशी मात्र त्याच्याशी बोलण्यापूर्वी काढू नका.