जोड का गळतो? नळकामाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स्वयंपाकघरातला ओट्यावरचा नळ भिंतीत जिथे बसतो, तिथून पाणी झिरपते. प्लंबरने दोन वेळा नळ काढून, टेप गुंडाळून पुन्हा बसवला; दुसऱ्या वेळी मोठ्या पान्याने चांगला आवळला. काही दिवस कोरडे राहिले, आता मात्र पूर्वीपेक्षा जास्त पाणी येते. नळच बदलावा का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : नळ बदलण्याची घाई करू नये. आपण वर्णन केलेली गळती बहुधा नळाची नसून नळ आणि भिंतीतला एल्बो (पाइप काटकोनात वळवणारा जोड) यांच्या आट्यांमधली, म्हणजे फिरवून बसवायच्या पेचांमधली आहे, आणि जोरात आवळल्यानंतर ती वाढली यावरून एल्बोला तडा गेला असावा असे मला वाटते. अलीकडच्या घरांत भिंतीतून सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचे) पाइप नेलेले असतात आणि नळ बसतो त्या जागी आतून पितळी आटे असलेला एल्बो लावणे अपेक्षित असते. परंतु थोडे पैसे वाचवण्यासाठी तिथे पुष्कळदा निव्वळ प्लॅस्टिकच्या आट्यांचा एल्बो बसवला जातो. पितळी नळ अशा एल्बोत आवळला की प्लॅस्टिकवर आतून बाहेरच्या दिशेने ताण येतो आणि टेपचा थर जितका जाड, तितका हा ताण वाढतो. तडा त्याच दिवशी दिसेलच असे नाही.

मुख्य कॉक बंद करून नळ काढावा आणि बॅटरीच्या उजेडात एल्बोच्या आत पाहावे. तडा दिसला तर एक टाइल फोडून एल्बो बदलणे हाच इलाज आहे; वरून इपॉक्सी लिंपून सतत दाबाखाली असलेले पाणी फार काळ थांबत नाही. तडा नसेल तर एल्बो भिंतीत किती खोल आहे ते मोजावे. नूतनीकरणात जुन्या टाइलवर नवी टाइल चढवली, की एल्बो तेवढा आत जातो, नळाचे जेमतेम दोन-तीन आटे त्यात गुंततात आणि मग कितीही टेप गुंडाळली तरी गळती थांबत नाही. अशा ठिकाणी योग्य लांबीचे पितळी एक्स्टेन्शन निपल (नळ आणि एल्बो यांमधले अंतर भरून काढणारा आखूड तुकडा) लावावे. ही वस्तू अत्यंत स्वस्त आहे, तरीही ती न लावल्यामुळे होणाऱ्या गळत्या पुष्कळ आहेत.

टेफ्लॉन टेपविषयीही थोडे सांगायला हवे. नळाच्या आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून गुंडाळावी. उलट गुंडाळली तर नळ फिरवताना ती उलगडत जाते. अगदी पुढचा आटा मोकळा ठेवावा, म्हणजे टेपचे तुकडे आत जाऊन नळाच्या जाळीत अडकत नाहीत. नेहमीच्या पातळ टेपचे सात-आठ वेढे पुरतात. आवळून झाल्यावर नळाचे तोंड सरळ खाली आले नाही तर तो किंचित उलटा फिरवून चालत नाही. पूर्ण काढून नवी टेप लावावी लागते, कारण मागे फिरवलेल्या आट्यांतली टेप पुन्हा दाबून बसत नाही. जुन्या लोखंडी पाइपांवर सफेदा आणि धागा वापरण्याची पद्धत चांगली आहे, मात्र तो तेलकट लेप सीपीव्हीसीच्या आट्यांना लावू नये. काही तेलांमुळे ते प्लॅस्टिक हळूहळू तडकते.

काम झाल्यावर नळामागची चकचकीत फ्लँज (भिंतीतले भोक झाकणारी चकती) दोन दिवस लावू नये आणि जोडाभोवती कोरडा कागद फिरवून पाहावे. फ्लँजमुळे गळती दिसेनाशी होते. पाणी टाइलमागे उतरत राहते आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी तक्रार केल्यावरच आपल्याला कळते.

प्रश्न : गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहे. गरम पाण्याचा पांढरा पीव्हीसी पाइप मधोमध वाकून खाली आला आहे आणि जोडांतून पाणी ठिबकते. नवे काम करताना काय वापरावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तो पाइप थंड पाण्यासाठीच असतो. साध्या यूपीव्हीसीचा, म्हणजे या पांढऱ्या पीव्हीसीचा, वापर साधारण ४५ अंश सेल्सियसपर्यंतच करावा. उन्हाळ्यात सोलरच्या टाकीतले पाणी सहज ६० अंशांच्या पुढे जाते, तेव्हा हे प्लॅस्टिक मऊ पडते आणि स्वतःच्या व पाण्याच्या वजनानेच वाकते. त्याला जास्त क्लँप लावले तरी जोडांचे दुखणे बरे होणार नाही. गरम पाण्याची संपूर्ण लाइन सीपीव्हीसीमध्ये करावी आणि पाइप, फिटिंग व सोल्युशन (जोड चिकटवायचा द्रव) ही तिन्ही सीपीव्हीसीचीच घ्यावीत. साध्या पीव्हीसीचे सोल्युशन सीपीव्हीसीला वापरले तर जोड पहिले काही दिवस धरतो आणि गरम पाण्यात सुटतो. डब्यातले सोल्युशन मुरंब्यासारखे घट्ट झाले असेल तर त्यात काहीही मिसळून पातळ करू नये. डबाच टाकून द्यावा. पाइप काटकोनात कापून कडेची कुसळे काढावीत, सोल्युशन दोन्हीकडे लावावे, पाइप पाव फेरा फिरवत आत सारावा आणि अर्धा मिनिट दाबून धरावा, नाहीतर तो आपोआप मागे सरकतो. पाणी सोडण्यापूर्वी एक दिवस थांबणे उत्तम.

सीपीव्हीसी उष्णतेने बरेच लांबते हे मात्र प्लंबरला आवर्जून सांगावे. १० मीटर लांबीच्या सरळ पाइपात पाण्याचे तापमान ५० अंशांनी वाढले तर त्याची लांबी सुमारे ३ सेंटिमीटरने वाढते. दोन्ही टोके भिंतीत घट्ट रोवली असतील तर हा सगळा ताण एल्बोंवर येतो. म्हणून लांब पट्ट्यात एखादे वळण किंवा लूप ठेवावा, क्लँप पाइप सरकू शकेल इतपत सैल असावेत आणि उन्हात राहणाऱ्या भागावर इन्सुलेशन चढवावे.

रबरी वॉशर घेताना दुकानदाराला ‘गरम पाण्यासाठी, ईपीडीएम किंवा सिलिकॉनचे’ असे स्पष्ट सांगावे. ईपीडीएम हे कृत्रिम रबर गरम पाण्यात चांगले टिकते, पण खनिज तेलाने फुगते. त्यामुळे वॉशर सहज बसावे म्हणून त्याला ग्रीस किंवा व्हॅसलीन लावण्याची सवय इथे घातक ठरते. साबणाचे पाणी पुरेसे आहे.

प्रश्न : दुकानात एकाच दिसणाऱ्या नळाच्या किमती तिप्पट-चौपट फरकाच्या असतात. खरे पितळ आणि दर्जेदार फिटिंग कसे ओळखावे? आमचा नळ बंद करूनही ठिबकतो, त्याचा स्पिंडल (मुठीखालचा, पाणी उघडणारा-बंद करणारा भाग) मिळेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चुंबक लावून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने फक्त लोखंड पकडले जाते. स्वस्त नळ बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि जस्तालाही चुंबक चिकटत नाही. त्यापेक्षा नळाच्या आट्यांच्या आत, जिथे मुलामा पोहोचलेला नसतो, तिथला रंग पाहावा. पितळ पिवळे दिसते, जस्त करडे. वजनातही फरक जाणवतो.

पाइपांवर आयएसआय चिन्हासोबत मानकाचा क्रमांक छापलेला असतो : सीपीव्हीसीसाठी आयएस १५७७८, सांडपाण्याच्या पाइपांसाठी आयएस १३५९२, लोखंडी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपांसाठी आयएस १२३९. जीआयमध्ये मध्यम जाडीच्या पाइपावर निळा पट्टा असतो, हलक्यावर पिवळा. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो. आपल्याकडे पाइप नावाजलेल्या कंपनीचा घ्यायचा आणि एल्बो, टी, सॉकेट मात्र प्लंबर आणेल ते चालवून घ्यायचे, अशी रीत पडली आहे. ती मला उलटी वाटते, कारण घरातली बहुतेक गळती जोडांपाशीच होते.

ठिबकणाऱ्या नळासाठी स्पिंडल जरूर मिळेल. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला सुमारे २० लिटर पाणी जाते, म्हणून हे लांबणीवर टाकू नये. जुन्या पद्धतीच्या, अनेक फेरे फिरणाऱ्या नळात बहुधा फक्त वॉशर झिजलेले असते. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळात सिरॅमिक चकत्यांचा स्पिंडल असतो. बोअरवेलच्या पाण्यातली रेती त्यात अडकली की चकत्यांवर चरे पडतात आणि तो बदलावाच लागतो. जुना स्पिंडल काढून दुकानात सोबत न्यावा, कारण त्याची लांबी आणि मूठ बसते त्या दात्यांची संख्या कंपनीगणिक वेगळी असते.

प्रश्न : पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गळती कुठेच नाही, तरी गटारासारखा वास येतो आणि झुरळे निघतात. (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : ती बाथरूम वापरात नसल्यामुळे नहाणी ट्रॅपमधले (जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्यातले) पाणी उन्हाळ्यात आटले असावे. ट्रॅपमध्ये उभे राहणारे साधारण ५ सेंटिमीटर पाणीच गटारातली हवा अडवत असते. आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतावे. तरीही वास राहिला, तर बेसिनचा वेस्ट पाइप जमिनीतल्या पाइपात जिथे शिरतो, तिथली रबरी रिंग बसवलेली आहे का ते पाहावे. बऱ्याच घरांत ती नसतेच.